भरतीच्या वेळचं भाषण

बोरिवली,
३१ जानेवारी १९५४

ती. आक्का,

नमस्कार. आशीर्वाद नंतर दे, आधी पत्र पुरं वाच. तुला अर्ध्या पत्रातच उत्तर सुचायची खोड आहे.

दहिसरपासून अंधेरीपर्यंत असं एक वाचनालय नाही जिथे मी मराठ्यांच्या आरमारावर बोललो नाही. पण परवा गोरेगावात एक टवाळ उभा राहिला आणि म्हणाला, "पेडणेकर, कुलाब्याच्या किल्ल्याला दरवाजे किती ते वाचून नको, बघून सांगा." सभा हसली. मी त्याला दहा मिनिटं झोडपला, सभा टाळ्या वाजवू लागली, पण घरी आल्यावर झोप लागेना. म्हणून ठरवलं, की जायचं.

एडवर्डला तू ओळखतेस. मरोळ गावठाणातला माझा शाळेपासूनचा दोस्त, मोटारींचा फिटर. त्याने भंगारातून जुळवलेली फोर्ड आता चालते, म्हणजे उतारावर नक्कीच चालते. तो आणि त्याची बायको डोरोथी, मी आणि माझी बायको प्रेमा, शिवाय आमची लेक माणिक. शनिवारी २० तारखेला निघायचं. ठाणे, पनवेल, पेणवरून अलिबाग. रविवारी कुलाबा किल्ला, सोमवारी चौल-रेवदंड्याचे प्राचीन अवशेष, मंगळवारी मुरुड-जंजिरा. जंजिरा आम्ही किनाऱ्यावरूनच पाहणार. होडीत बसून पाहायला तो काय म्हावरं आहे?

मुलुंडला तुझ्या दारावरूनच जाऊ. तुझा थर्मास तयार ठेव.

माणिकच्या डोक्यात नर्सिंगचं जे खूळ शिरलं आहे ते हवापालट झाला की उतरेल, असा माझा अंदाज आहे. तिची कसलीशी मुलाखत बहुधा त्याच सुमारास आहे. असो. वडाच्या पारंब्या आणि किल्ल्याचे तट यांच्या सावलीत तरुण मन शांत होतं.

तुझा,
सहदेव


मुलुंड,
४ फेब्रुवारी १९५४

चि. सहदेवा,

पत्र पुरं वाचलं, आणि शेवटून पुन्हा वाचलं. तुझ्या पत्रातली महत्त्वाची गोष्ट नेहमी शेवटी, केळीच्या पानाखाली सरकवलेल्या बोंबलासारखी असते. पान झाकलं तरी वास येतोच रे.

तू किल्ला पाहणार याचा आनंद आहे. वेंगुर्ल्याहून अण्णा आपल्याला मुंबईला पोचवायला आले तेव्हा बोटीच्या कठड्याला मिठी मारून तू जो ओकत होतास तो अजून डोळ्यांसमोर आहे. अण्णा तुझी पाठ चोळत होते आणि खलाशी हसत होते. त्या दिवसापासून तू समुद्राला पाठ दाखवलीस, आणि त्याच समुद्रावर आता आरमार चालवतोस. कोरड्या जमिनीवरून चालणारं हे जगातलं एकच आरमार.

पण सोमवार २२ फेब्रुवारी? "त्याच सुमारास" नाही, त्याच दिवशी सकाळी माणिकची मुलाखत आहे. तिने तुला ते तोंडावर सांगितलं होतं. तू पान लावत होतास, चुना जास्त झाला म्हणून तिच्यावरच ओरडलास. तीन-चारशे वर्षं जे दगड जागचे हलले नाहीत ते आणखी आठवडाभर थांबले असते. पण तुला दगड पाहायचे नाहीत, पोरीला दगडांत नेऊन ठेवायची आहे.

एक विचारते. ताराराणीचं नाव घेताना तू टेबलावर मूठ आपटतोस. अहिल्याबाईंवर बोलताना तुझा कंठ दाटतो. आणि घरातली एकोणीस वर्षांची पोरगी आजाऱ्याच्या जखमेला पट्टी बांधीन म्हणाली की तुझी दातखीळ बसते. तुला मेलेल्या बायका फार आवडतात रे. त्यांना पाहिजे तेव्हा घोड्यावर बसवता येतं, पाहिजे तेव्हा उतरवता येतं, आणि त्या उलट बोलत नाहीत.

जाऊ देणार नसशील तर सरळ तसं सांग. पोरगी रडेल, भांडेल, पण बाप समोरून लढला एवढं तरी तिला म्हणता येईल. सहल कसली काढतोस?

थर्मास देईन. त्याचं झाकण सैल आहे, तुझ्या जिभेसारखं. जपून धर.

आक्का


बोरिवली,
९ फेब्रुवारी १९५४

ती. आक्का,

तुझं पत्र चुलीत घालणार होतो. प्रेमाने ते आधीच वाचून डाळीच्या डब्यात ठेवलं होतं.

तू शाळामास्तरीण आहेस, तुला वाटतं जग म्हणजे चौथीचा वर्ग. परक्या पुरुषांची अंगं पुसायची, त्यांची घाण उचलायची, रात्रपाळ्या करायच्या, आणि मग तिला सून करून घ्यायला कोण येणार? मी उद्या सभेत उभा राहिलो की मागच्या रांगेतून काय ऐकू येईल, याचा विचार तू केलास? डोरोथी नर्स आहे, फार भली बाई आहे, माझ्या आजारपणात तिनेच इंजेक्शनं दिली. पण त्यांच्यात ते चालतं. आपल्यात चालत नाही. का चालत नाही ते विचारू नकोस. चालत नाही म्हणजे नाही.

आणि एक गंमत तुझ्या ध्यानात आली नाही. डोरोथी स्वतः आमच्याबरोबर येते आहे! नर्सच हॉस्पिटल टाकून किल्ले बघायला निघाली, तेव्हा माणिक आपोआप काय ते समजेल.

तू म्हणतेस पोरगी रडेल. ती रडली नाही, एक शब्द विरोधात बोलली नाही. उलट काल मला विचारत होती, "बाबा, कुलाब्याला ओहोटी किती वाजेपर्यंत असते? चतुर्थीला पाणी केव्हा चढतं?" इतिहासाची गोडी अशी हळूहळू लागते, आक्का. तुझ्या चौथीच्या वर्गात ते शिकवत नाहीत.

शनिवारी सकाळी दारात उभी राहा. भांडायचं नाही. एडवर्डसमोर शोभत नाही.

सहदेव


रेवदंडा,
सोमवार, २२ फेब्रुवारी १९५४

ती. आक्का,

माणिक तुझ्याकडे आहे काय? असल्यास उलट टपाली कळव. नसल्यास तार कर.

हे वाक्य आधी यायला नको होतं, क्रम चुकला. मूळ हकीकत अशी.

काल कुलाबा किल्ला पाहिला. तट, बुरूज, तोफा, आत गणपतीचं मंदिर, खाऱ्या समुद्रात गोड्या पाण्याची विहीर. मी भारावून गेलो. काही कारणाने मला किल्ल्यावर दिवसभर राहावं लागलं, किंवा राहावंसं वाटलं. एकांत आणि चिंतन दोन्ही झालं. रात्री परत आलो. दरम्यान डोरोथी आणि माणिक काही बायकी कारणाने आधीच मुंबईला परतल्या, असं प्रेमा सांगते. बायकी कारण म्हटल्यावर पुरुषाने पुढे विचारायचं नसतं, हे प्रेमाला ठाऊक आहे असा मला आता संशय येतो.

आज सकाळी चौल पाहिलं. दोन हजार वर्षांपूर्वी इथे परदेशी गलबतं लागत होती म्हणतात. आता नारळी-पोफळीच्या बागा आणि रहाटाची कुरकुर. रेवदंड्याच्या तटात पोर्तुगीजांच्या चर्चचा पडका मनोरा उभा आहे. मी तिथे धर्मसत्ता आणि राजसत्ता यांवर चार शब्द बोलू लागलो. एडवर्ड हातात टोपी घेऊन भिंतीपाशी उभा होता. तो म्हणाला, "सहदेव, जरा गप रव." मला! त्याला बहुधा ऊन लागलं असावं. प्रेमा बाहेर शिंपल्या वेचत होती. एकंदरीत श्रोतृवर्ग निराशाजनक.

जंजिरा रद्द केला. एडवर्ड म्हणतो मोटारीचा आवाज बरा नाही. आवाज कालही तसाच होता.

उत्तर बोरिवलीला पाठव.

सहदेव

ता. क. गोरेगावच्या माणसाने विचारलेले दरवाजे मोजायचे राहिले.


मुलुंड,
२५ फेब्रुवारी १९५४

चि. सहदेवा,

माणिक माझ्याकडे होती. रविवारी दिवेलागणीला दारात उभी राहिली तेव्हा तिची साडी गुडघ्यापर्यंत मिठाने कडक झाली होती. सोमवारी सकाळी तिला माझी पांढरी साडी नेसवून मीच मुलाखतीला नेली. निवड झाली. हे आधी लिहिलं, कारण क्रम मला कळतो.

आता तुझं चिंतन.

सकाळी ओहोटीला तुम्ही पाचही जण वाळूतून चालत किल्ल्यात गेलात. संकष्टी होती, प्रेमाने गणपतीला दूर्वा वाहिल्या. तू तटावर चढलास, तोफेला टेकलास आणि "मित्रहो" म्हणालास. समोर मित्र म्हणजे बरोबरची चार माणसं आणि एक शेळी. डोरोथीने हळूच विचारलं, "किती वेळ चालेल गं?" माणिक म्हणाली, "डोळे मिटले की सांगते."

तू डोळे मिटलेस.

सहदेवा, ही गोष्ट तुझ्या सबंध चाळीला ठाऊक आहे, तुला एकट्याला नाही. भाषण रंगात आलं की तू डोळे मिटतोस, आणि उघडेपर्यंत भात शिजून निवतो. प्रेमाचा अर्धा संसार तुझ्या मिटल्या डोळ्यांआड झाला आहे. ती त्या वेळात दळण आणते, पाणी भरते, मागे एकदा तर माहेरच्या बारशाला जाऊन आली. तू डोळे उघडलेस तेव्हा ती समोर होती, आणि तुला वाटलं ती तुझं भाषण ऐकत होती.

एडवर्ड मग खाली दरवाजात जाऊन पाणी बघत होता. त्याने हाक मारली, "सहदेव! पानी आयला रं!"

तू डोळे न उघडता गरजलास, "येऊ दे! शत्रू शंभर वेळा आला तरी हा तट—"

मग प्रेमा उठली. म्हणाली, "ह्येंचा भाषण काय संपूचा नाय, नि पाणी काय थांबूचा नाय. माणक्या, चल." फराळाची टोपलीही तिने उचलली. चौघं पाण्यातून गेली. पलीकडे पोचेपर्यंत पाणी गुडघ्याला लागलं होतं. एडवर्डने दोघींना मोटारीने रेवसला सोडलं, तिथून लाँचने त्या भाऊच्या धक्क्याला उतरल्या. डोरोथीची सोमवारी सकाळची पाळी होती. तिला सुट्टी रविवारपुरतीच मिळाली होती. तू तिला विचारलं होतंस का? तुला सांगायची सवय आहे, विचारायची नाही.

पुढचं एडवर्डने किनाऱ्यावर ऐकलं, मी एडवर्डकडून. तू डोळे उघडलेस तेव्हा समोर शेळीसुद्धा नव्हती. भरतीला होड्या चालतात. एक होडीवाला तटाखाली येऊन म्हणाला, "मामा, बसा, पलीकडं सोडतो." तू म्हणालास, "मी किल्ला सोडणार नाही." तो म्हणाला, "मग किल्ला सांभाळा, आमी येतो." एडवर्ड हे सांगताना माझ्या ओट्यावर बसून डोळे पुसत होता. मी त्याला पाणी दिलं.

शनिवारी दारात मी माणिकच्या हातात थर्मास दिला, दुसरं काही नाही. कट कुणी केला नव्हता रे. तिने समुद्राची वेळ विचारून घेतली होती, तीही तुलाच. बाकी सगळं तू केलंस.

आता काम. अजून ती सज्ञान नाही असं हॉस्पिटलवाले मानतात, पालकाची सही लागते. कागद सोबत आहे. खाली जिथे पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही कर.

आक्का


बोरिवली,
२ मार्च १९५४

ती. आक्का,

कागद परत पाठवत नाही आणि सहीही करत नाही. तो माझ्या टेबलावर आहे आणि तिथेच राहील.

तू हसून घेतलंस. एडवर्डही हसला. आता माझं ऐक. मी तटावर होतो आणि मधे पाणी. पलीकडच्या वाळूत प्रेमा टोपली मांडीवर घेऊन बसलेली मला दिसत होती. मी हात हलवला. तिने हात हलवला. मी ओरडलो, "माणिक कुठे आहे?" तिने पुन्हा हात हलवला. दुपारभर हेच चाललं. भोवती किल्ल्यात राहणारी माणसं जमली. त्यांना वाटलं मला वेड लागलं आहे. एका म्हातारीने मला ताक देऊ केलं. मी म्हटलं, उपास आहे. उपास नव्हता, आक्का, लाज होती.

रात्री पाणी ओसरलं तेव्हा चालत आलो. प्रेमा एवढंच म्हणाली, "चंद्र उगवलो. आता जेवा." मी जेवलो. दुसरं काय करणार होतो?

माझ्या पोटच्या पोरीने माझ्या पाठीवर वार केला. तिला एकदा माझ्यासमोर उभं राहून म्हणता आलं नाही, "बाबा, मी जाते"? तुम्ही सगळ्यांनी मिळून मला असा काय राक्षस ठरवलात, की माणसांनी माझे डोळे मिटण्याची वाट पाहावी?

सही होणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट. ही हकीकत घरातल्या घरात राहावी. २ मेला अंधेरीच्या वसंत व्याख्यानमालेत माझं "समुद्र आणि स्वराज्य" आहे. अध्यक्ष म्हणून तुझं नाव मीच सुचवलं होतं आणि पत्रकं छापून झाली आहेत. गोरेगावचा तो माणूस येणार आहे.

सहदेव


मुलुंड,
६ मार्च १९५४

चि. सहदेवा,

पत्रकं छापून झाली ही फार चांगली बातमी. अध्यक्षाला समारोप करावा लागतो, आणि वक्त्याला तो बसून ऐकावा लागतो. मी विषय ठरवला आहे. "एका किल्लेदाराची संकष्टी." शेळीपासून सुरुवात करीन. आवाज माझाही मोठा आहे, आणि मी डोळे उघडे ठेवून बोलते.

कागदावर सही आली तर दुसरा विषय घेईन.

याला तू धमकी म्हणशील. धमकीच आहे. तू सहलीचं सोंग काढलंस, मी उघड सांगते आहे, एवढाच फरक.

"बाबा, मी जाते" असं तिने म्हणायला हवं होतं म्हणतोस. तिने ते म्हटलं होतं. तू पान लावत होतास.

आता थट्टा बाजूला ठेवते. मी कपाळ पुसून माहेरी परत आले तेव्हा तू लहान नव्हतास, तुला आठवत असेल. मास्तरणीच्या ट्रेनिंगला जाते म्हटल्यावर गावाने अण्णांना पाणंदीत अडवून विचारलं, "विधवा पोर शहरात पाठवतोस, नाक कुठे ठेवणार?" अण्णांना चार माणसांत धड बोलता येत नसे. मास्तरांच्या ओसरीवर जाऊन त्यांनी सही केली, आणि शेतावर निघून गेले. त्यांच्या तोंडून मी स्त्रीशक्ती हा शब्द जन्मात ऐकला नाही. तुझ्या तोंडून दर महिन्याला ऐकते.

त्या माणसाचा मुलगा आहेस तू. फुलीवर सही कर.

आक्का


बोरिवली,
१३ मार्च १९५४

ती. आक्का,

सही सोबत आहे. ती दबावाखाली केली आहे. "दबावाखाली" असं मी सहीखाली लिहिणारही होतो, पण प्रेमाने दौत उचलून नेली. म्हणाली शाई संपली. दौत भरलेली होती, मला दिसत होतं.

अटी तीन. समारोपात किल्ल्याचा उल्लेख नको. चतुर्थीचा नको. शक्य तर समुद्राचाही नको.

अण्णांची गोष्ट मला ठाऊक नव्हती. म्हणजे सही केली ते ठाऊक होतं. पाणंदीतलं ठाऊक नव्हतं.

सहदेव


मुलुंड,
३ मे १९५४

चि. माणिक,

तुझ्या होस्टेलात वर्तमानपत्र येतं की नाही ठाऊक नाही, म्हणून मीच लिहिते. काल तुझ्या बापाचं व्याख्यान झालं. मी अध्यक्ष. मी शब्द पाळून, तोंडात सुपारी धरून बसले होते. मैदान भरलेलं, गोरेगावचा टवाळ दुसऱ्या रांगेत. त्याने उभं राहून विचारलंच, "आता तरी किल्ला पाहिलात का?"

आणि तुझ्या बापाने डोळे मिटले.

"मित्रहो," तो म्हणाला, "पाहिला! नुसता पाहिला नाही, त्या किल्ल्यावर मी माझी एकुलती एक मुलगी समुद्राच्या हवाली केली! भरती चढत होती. पलीकडे तिचं कर्तव्य तिला हाक मारत होतं. रुग्णांची सेवा! आईचं काळीज थरथरलं. पण मी तटावरून गर्जना केली, जा मुली! मागे पाहू नकोस! तुझा बाप इथे उभा आहे! आणि ती लाटा तुडवीत गेली, आणि मी दिवसभर, अन्नपाण्याशिवाय, तटावर उभा राहिलो!"

काय सांगू तुला! माणसं उभी राहिली. टाळ्या संपेनात. गोरेगावचा माणूस चष्मा काढून डोळे पुसत होता. तुझी आई पहिल्या रांगेत तोंडात पदर कोंबून गदगदा हलत होती. लोकांना वाटलं बिचारी रडते आहे. एडवर्ड तर उठून पानाच्या दुकानाकडे निघून गेला.

मला समारोप करायचा होता. मी उठले, माइकसमोर उभी राहिले, आणि काय बोलणार? त्याने अट मोडली होती, मलाही मोडता आली असती. पण तुझ्या कोर्सची तीन वर्षं जायची आहेत. "वक्त्यांचे आभार" म्हणून खाली बसले. आयुष्यातलं माझं सगळ्यात छोटं आणि सगळ्यात खोटं भाषण.

रात्रभर धुमसते आहे. तू हो म्हण, मी वर्तमानपत्राला खरी हकीकत लिहून पाठवते. ज्याने तुला अडवलं तोच तुझ्या धाडसाच्या टाळ्या खातो, हे मला पचत नाही.

तुझी आत्या


नर्सेस होस्टेल,
९ मे १९५४

ती. आत्या,

लिहू नकोस.

बाबांचं भाषण मला कळलं. आमच्यातल्या एका मुलीचे वडील मालाडचे, ते तिथे होते. तिने मला सगळ्यांसमोर मिठी मारली, म्हणाली तुझे बाबा देव आहेत. मी म्हटलं, हो.

तू विचार कर ना. त्यांची ती सही घरच्या टेबलावरची होती. उद्या कुणी चांगलं स्थळ आणलं, कुणी काही बोललं, की ते म्हणाले असते, माझ्याकडून जबरदस्तीने घेतली, मुलगी परत आणा. आता कसं म्हणतील? आता त्यांनी हजार माणसांसमोर मला पाठवलं आहे. पुढच्या महिन्यात मालाडला बोलावणं आहे, मग घाटकोपरला. जितक्या ठिकाणी बोलतील तितकी माझी वाट पक्की होईल. बोलू दे त्यांना. अजून दोन-चार लाटा घातल्या तरी चालतील.

त्या दिवशी पाण्यातून जाताना मी खूप घाबरले होते. पाण्याला नाही. ते मधेच डोळे उघडतील आणि "माणिक" अशी हाक मारतील, याला. हाक मारली असती तर मी परत गेले असते, आत्या. हे आईलाही सांगितलेलं नाही.

इथे पाय फार दुखतात. सिस्टर ट्यूटर पलंगाची चादर चारदा काढून पुन्हा घालायला लावते. झकास आहे सगळं.

माणिक


बोरिवली,
१२ जुलै १९५४

ती. आक्का,

मे महिन्यापासून तू मला पत्र लिहिलं नाहीस. का ते मला समजतं. त्याबद्दल हे पत्र नाही.

आमच्या चाळीतला मधुकर पाय मोडून माणिकच्याच हॉस्पिटलात पडला आहे. काल रविवारी त्याला बघायला गेलो. मधुकरला बघायला गेलो, हे ध्यानात घे. त्याच्याशी माझं तसं बोलणं नाही, पण शेजारधर्म आहे.

माणिक त्याच वॉर्डात होती. तिने मला पाहिलं आणि मानेने "बसा" म्हटलं. मी बसलो. समोरच्या खाटेवर एक म्हातारा होता, कुठलासा हमाल. त्याच्या अंगावरची घाण ती साफ करत होती. तो रडत होता, "पोरी, तू नको गं, तू नको." ती म्हणाली, "आजोबा, हात वर करा. हां. आता दुसरा." एवढंच. मी याच गोष्टीविषयी तुला फेब्रुवारीत काय लिहिलं होतं ते आठवून मधुकरच्या उशीकडे बघत बसलो.

मग ती हात धुऊन आली. मला तिच्याशी एक बोलायचं होतं. घरून तयारी करून गेलो होतो. मी उभा राहिलो, म्हटलं, "माणिक, मनुष्याच्या आयुष्यात असे काही प्रसंग येतात, की ज्या वेळी तो ज्या तत्त्वांचा उच्चार आजन्म करत आला—" आणि तिने हातातली घंटा वाजवली. भेटीची वेळ संपली होती. सगळे नातेवाईक उठले. मी म्हटलं, "अगं, वाक्य पुरं होऊ दे." ती म्हणाली, "बाबा, बाहेर." रागाने म्हणाली नाही. पण मी बाहेर गेलो. आजवर मला कुणी वाक्याच्या मधे थांबवलेलं नाही, तू सोडून.

पुढच्या रविवारी लवकर जाईन म्हणतो. पण भेटीची वेळ फार थोडी असते, आणि मला जे म्हणायचं आहे ते नीट मांडायचं तर आधी बरीच पार्श्वभूमी द्यावी लागेल. कसं करावं?

सहदेव


(पोस्टकार्ड)

मुलुंड,
१५ जुलै १९५४

सहदेवा,

प्रस्तावना गाळ.

आक्का